दिनानाथचे अडीच इंच

...आणि वर ती मुलगी म्हणते काय, "सर, टाचा टेकवा"! आता बोला! अहो, टेकवलेल्याच होत्या त्यानं... बरं, अगदी खरं सांगायचं तर बोटभर वर होत्या, पण म्हणून काय असं चारचौघांत बोलायचं? म्हणजे चारचौघं नव्हते, एक बायकोच होती समोर, पण तीच तर मुख्य अडचण! तुम्हाला सांगतो, आमच्या दिनानाथवर जो प्रसंग आला ना, तो वैऱ्यावर येऊ नये. माणसाला एक वेळ वय विचारा, जात विचारा, सासुरवाडी विचारा, तो सांगेल. पण उंची? आधी फोनवर विचारायची, त्यानं बिचाऱ्यानं विश्वासानं सांगायची, आणि मग घरी येऊन ती मोजायची? हा कुठला न्याय? आणि तुम्हीच सांगा, उंची काय कोणी रोज मोजतं?

पण थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल कोण दिनानाथ, कसली मुलगी. हा दिनानाथ सोवनी म्हणजे मूळचा मिरजेचा, आणि माझा इथला, चेन्नईतला, अगदी घरोब्यातला. यातलं निम्मं मला त्यानं सांगितलंय, निम्मं त्याच्या बायकोनं, म्हणजे शैलावहिनींनी, आणि दोघांच्या हकिगती जिथे जुळत नाहीत तिथे मी वहिनींचं खरं धरलंय. सोय म्हणून!

तर हा राहतो पोरूरला आणि नोकरी इरुंगाट्टुकोट्टैला. हे नाव न अडखळता म्हणता येईपर्यंत त्याची पहिली बढती झाली होती! तिथे गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारा कारखाना आहे, आणि दिनानाथ त्यात क्वालिटीचा साहेब. म्हणजे काम काय, तर मोजणे. दिवसभर मोजणे! केसाच्या जाडीइतका फरक पडला की अख्खा माल परत. पुरवठादार हात जोडतो, म्हणतो, "सार, सर्टिफिकेटमधे करेक्ट साइज आहे सार," आणि हा चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, "सर्टिफिकेट गाडीला लावू का? सांगितलेलं माप वेगळं, मोजलेलं माप वेगळं!" हे वाक्य त्यानं मोठ्या अक्षरात लिहून टेबलामागे लावलेलं! बघा म्हणजे! ज्या माणसानं लग्नातली अंगठी बोटात घालायच्या आधी व्हर्नियर कॅलिपरमधे धरून मोजून बघितली, त्या माणसाच्या बाबतीत हे व्हावं?

दोन हजार सहा साल असेल. रविवार. हा नुकता आंघोळ करून, पंख्याखाली बनियन हलवून वारा घेत बसलेला, आणि फोन वाजला. पलीकडून गोड आवाज, इंग्रजीत. "सर, आम्ही एका संशोधन संस्थेतून बोलतोय, चेन्नईतल्या लोकांच्या तब्येतीचा अभ्यास चाललाय, दोन मिनिटं वेळ आहे का?" आता रविवारी सकाळी कोणी आपली तब्येत विचारतंय म्हटल्यावर माणूस हुरळणारच की हो! हा म्हणाला, विचारा. "वजन?" म्हणाला, "अडुसष्ट." तोंडातून अगदी सहज गेलं. वजनकाट्यावर तो शेवटचा कधी उभा राहिला होता देव जाणे. "कमरेचा घेर?" तर पँटचा नंबर सांगितला. आता पँट कमरेच्या कुठे बसते आणि पोट तिच्यावरून कसं बाहेर बघतं, हे काय फोनवर सांगायचं असतं? "आणि उंची, सर?"

"पाच फूट आठ इंच!"

तुम्हाला सांगतो, हे म्हणताना तो खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाला. फोनवर! "मिसेसची?" म्हणून विचारलं तर स्वयंपाकघरातून वहिनींनीच फोडणी टाकता टाकता ओरडून सांगितलं, "पाच चार सांगा हो, पाच चार!" यानं सांगितलं. मग थँक्यू झालं, फोन ठेवला, इडल्या खाल्ल्या, विषय संपला.

आता ही पाच फूट आठ इंच आली कुठून? तुम्ही म्हणाल, खोटारडा. नाही हो! अजिबात नाही! तेच तर मला सांगायचंय. मिरजेला लग्नाचं ठरवायचं चाललं होतं, तेव्हा त्याच्या दिनकरकाकांनी बसून टिपण केलं. नाव, गोत्र, शिक्षण, आणि उंचीपाशी येऊन म्हणाले, "लिही रे, पाच आठ." दिनानाथ म्हणाला, "काका, नक्की?" तर काका म्हणाले, "बूट धरून लिहायची असते, गाढवा! सगळे बूट धरूनच लिहितात. आपण बूट काढून लिहिली तर आपणच बुटके ठरू!" झालं. तिथून ती पाच आठ पासपोर्टावर गेली, लायसनवर गेली, विम्याच्या पॉलिसीत गेली. सरकारनं मानली, विमा कंपनीनं मानली, मग त्यानं कशाला शंका घ्यावी? थोरला भाऊ चांगला सहा फुटी, शाळेत हा कायम कवायतीच्या रांगेत पुढे उभा. अशा माणसाला कोणी आयुष्यात एकदा पाच आठ दिली, तर तो ती परत करेल का? तो ती जपेल! पाहुण्यांत, पार्टीत, कुठेही उंचीचा विषय निघाला की तो अगदी साधेपणानं सांगायचा, "मी फार नाही, पाच आठ." फार नाही! आणि मनापासून हं! कारण उंची काय कोणी रोज मोजतं?

थोड्या दिवसांनी पुन्हा फोन. "सर, काँग्रॅच्युलेशन्स, तुमची निवड झालीय!" हा उडालाच. त्याला वाटलं, बक्षिसात कुकर लागला. पण ती म्हणते, "दुसऱ्या टप्प्यासाठी. आमची माणसं घरी येऊन तुमची आणि मिसेसची मापं घेतील. लोक सांगतात काय आणि असतं काय, याच्यातला फरक बघायचाय आम्हाला. एवढाच आमचा अभ्यास आहे, सर."

एवढाच! म्हणजे जो धंदा हा दिवसभर करतो, तोच त्याच्यावर उलटला की हो! सांगितलेलं माप वेगळं आणि मोजलेलं माप वेगळं! नाही म्हणायला गेला, तर वहिनी शेजारी उभ्या. "येऊ देत की. चांगलं काम आहे. आपल्याला काय लपवायचंय?"

पण मनात कुठेतरी पाल चुकचुकली बघा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं वादिराजला विचारलं. हा वादिराज याच्या हाताखालचा, तंजावरकडच्या मराठी घरातला, पिढ्यान्पिढ्या इथलाच. मराठी बोलतो पण ती अशी, की आपल्या पणजीच्या तोंडात तमिळ घातल्यासारखी. यानं आपलं आडून विचारलं, "वादिराज, माणसाची उंची कमीजास्त होते का रे?" तो म्हणाला, "होते की सार! सकाळी जास्ती, सांजेला कमी. दिवसभर उभें राहून पाठीचा कणा दबतो म्हणून माझा मेव्हणा डाक्टर सांगतो. काय म्हणून विचारता, सार?" "काही नाही, सहज," हा म्हणाला, आणि उठून तडक संस्थेला फोन! "मापं घ्यायला पहाटे येता येईल का?" ती पलीकडची मुलगी गोंधळली. "पहाटे, सर?" शेवटी सकाळी लवकरात लवकर म्हणून ठरलं.

मग तयारी! अरे काय ती तयारी! बाथरूमच्या माळ्याच्या कडेला दोन्ही हातांनी धरून हा लोंबकळायला लागला. वहिनींनी पाहिलं. "अहो, हे काय?" म्हणे, "खांदा आखडलाय." रात्रीचा भात बंद. उशी बंद, का तर कणा सरळ राहावा! केसांना तेल लावणं बंद, का तर केस फुगलेले बरे! जे काही केस उरले होते ते फुगवून फुगवून किती फुगवणार? मला तर वहिनींनी सांगितलं की ठरलेल्या दिवशी उठल्यापासून तो खाली बसलाच नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. का? तर कणा दबू नये!

आणि ती आली. कनका तिचं नाव. चोविशी-पंचविशीची, बसनं आलेली, घामानं भिजलेली, खांद्यावर ही लांब पिशवी, त्यात उंची मोजायचा उभा दांडा आणि दुसऱ्या हातात वजनकाटा. दारावरची पाटी वाचली आणि हसून म्हणते, "सोवनी? तुम्ही मराठी? आम्हीही मराठीच की! तंजावरचे." वहिनींना असा आनंद झाला, असा आनंद झाला, की माहेरचंच कोणी आल्यासारखा! "बस गं, आधी कॉफी घे." ती म्हणाली, "काप्पी मग पिऊया आक्का, अगोदर असकं मोजून घेऊया." असकं म्हणजे सगळं हं. त्यांच्याकडे अजून असं म्हणतात. दिनानाथची मात्र पंचाईत. तमिळ मुलगी असती तर काही गोंधळ तरी घालता आला असता. आता तीही सोय गेली! जे काही व्हायचं ते मराठीतच होणार!

आधी वजन. अडुसष्ट सांगितलेलं, काटा गेला एकोणऐंशीवर. दिनानाथ म्हणाला, "पँटच्या खिशात किल्ल्या आहेत." किल्ल्या काढल्या. काटा हलला नाही. वहिनी तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळल्या. पण वजनाचं काही नाही हो, वजनाचं मनुष्य सहन करतो. वजन कमी करता येतं, सोमवारपासून! उंची कुठल्या सोमवारपासून वाढवणार?

तिनं दांडा भिंतीशी उभा केला. वरून डोक्यावर टेकवायची सरकती पट्टी. दिनानाथनं ते यंत्र पाहिलं मात्र, आणि त्याच्यातला साहेब जागा झाला. "याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?" मुलगी म्हणाली, "मागच्याच आठवड्यात, सर." "सर्टिफिकेट?" तिनं पिशवीतून काढून हातात दिलं! झालं! उभा राहिला. "सर, टाचा टेकवा." टेकवल्या. "सर, हनुवटी खाली." हनुवटी आली. "सर, मोजे काढायचे असतात." एकावर एक दोन जोड घातले होते त्यानं! दोन्ही काढले. मग पट्टी खाली आली, त्या फुगवलेल्या केसांना चेपत चेपत खाली आली, आणि डोक्याला टक्क करून लागली.

"एकशे सहासष्ट पूर्णांक चार."

दिनानाथला क्षणभर बरं वाटलं बघा! एकशे सहासष्ट म्हणजे किती भरभक्कम वाटतं! पण वहिनी, अहो, त्या गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई, त्यांना काय वेळ लागतो? खिडकीपासूनच म्हणाल्या, "पाच फूट साडेपाच."

"शक्यच नाही!" हा ओरडला. कपाटातून स्वतःची स्टीलची टेप काढून आणली, कारखान्यात तपासून घेतलेली, तिच्यावर याचा देवाइतका विश्वास. त्यानं तो दांडा मोजला! खालून वर मोजला, वरून खाली मोजला. दांडा बरोबर. पुन्हा उभा राहिला. तेच. तिसऱ्यांदा. तेच! आपल्याच टेपनं माणसाला फशी पाडलं. त्याचं तोंड असं उतरलं म्हणता... पाच आठमधले अडीच इंच असे हवेत गेले! इतकी वर्षं ते त्याच्याकडे होते, आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं!

कनका चांगली मुलगी हो. म्हणाली, "सर, वाईट मानू नका. असकेच असं सांगतात. पुरुष उंची वाढवून सांगतात, बायका वजन कमी करून. लबाडी नव्हे ती. ज्यानं त्यानं मनात जसं आहे तसंच सांगितलेलं." "मग मोजता कशाला?" हा म्हणाला. तर ती काय सांगते, "वजन कमी आणि उंची जास्त सांगितली की कागदावर सगळे सडपातळ होतात, सर. मग सडपातळ माणसांनाच साखरेचा आजार होतो म्हणून हिशेबात येतं. असं कसं चालेल?" म्हणजे बघा, आमच्या दिनानाथमुळे चेन्नईतल्या सगळ्या काटकुळ्या माणसांवर बालंट!

"आता आक्का, तुम्ही या."

वहिनी म्हणाल्या, "माझी सांगितलीय ना, पाच चार? तीच लिही." "नाही आक्का, मोजायलाच पाहिजे." वहिनी दांड्याशी उभ्या राहिल्या. तुम्ही तेव्हा पाहायला हव्या होत्या त्या! जराशी पोक काढून, मान खाली घालून चालायच्या. गेली काही वर्षं मानेचं दुखणं, एग्मोरच्या डॉक्टरकडे खेपा, गळ्यात तो पट्टा. डॉक्टर दर वेळी म्हणायचा, "अम्मा, सरळ उभं राहायला काय होतं तुम्हाला?" या नुसत्या हसायच्या.

कनका म्हणाली, "मान वर, आक्का. खांदे मागे. पाठ भिंतीला. अजून... अजून वर... समोर बघा."

आणि शैलावहिनी उभ्या राहिल्या. दिनानाथ मला सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज असा झाला होता की काय सांगू... म्हणाला, अरे, ती वर येतच राहिली. मी बघतोय आणि ती वरच येतेय. तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले आणि तिथे थांबले नाहीत.

"एकशे सत्तर पूर्णांक दोन."

या खेपेला हिशेब दिनानाथनंच केला, मनात. पाच फूट सात!

कनकानं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. ती पेन्सिल चावत म्हणाली, "आक्का, उंची कमी करून सांगणारी बाई मला पहिलीच भेटली. वजन मात्र अगदी बरोबर सांगितलंत. आमच्या मॅडम म्हणतील मीच चुकीचं लिहिलं म्हणून. काय म्हणून कमी सांगितली?"

वहिनी म्हणाल्या, "वजन कशाला लपवू? ते दिसतंच. उंची वाकवता येते."

"पण काय म्हणून?"

आता खरं म्हणजे हा प्रश्न त्या मुलीच्या कामातला नव्हता. पण आपली माणसं म्हटल्यावर विचारतातच. आणि आपली म्हटल्यावर सांगतातही. वहिनी तिथेच, दांड्याशी टेकून, म्हणाल्या, "साताऱ्याला आमच्या घरी मला ताडमाड म्हणायचे. स्थळं यायची आणि जायची. आत्या म्हणायची, मान खाली घाल गं, जरा कमी दिसशील. मग यांचं आलं. टिपणात पाच आठ. आत्यानं माझी पाच चार करून कळवली, म्हणजे जोडा शोभेल. पोह्यांना काय, दोघंही बसलेलीच. लग्नात अंतरपाट दूर झाला आणि मी हार घालायला हात वर न्यायला गेले, तर हात वर न्यावेच लागले नाहीत. समोर यांचं कपाळ! मागून आत्या पुटपुटली, 'मान खाली!' घातली. ती घातली, ती घातलीच."

पंखा गरगरतोय. कनका जमिनीकडे बघतेय. आणि आमचा हा शूर काय म्हणाला असेल? सॉरी म्हणावं? काही चांगलं म्हणावं? छे! म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू मला बुटका समजत होतीस!"

वहिनी म्हणाल्या, "समजत असते तर कशाला वाकले असते? तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात हो, पाच आठ... मला मोडवेना."

मग त्या कॉफी करायला आत गेल्या. कनकानं कॉफी घेतली, सामान आवरलं, जाताना वहिनींच्या पाया पडली, आणि याला म्हणाली, "सर, तुमचा फरक काही फार नव्हे." सांत्वन! असलं सांत्वन करण्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं!

तुम्हाला वाटेल, त्याला लगेच पश्चात्ताप झाला. कसला! रुसला! घरात अबोला. जेवण वाढलं की जेवायचं, डबा भरला की न्यायचा, बोलायचं नाही. मला फोन करून म्हणतो, "तिनं मला आधी सांगायला नको?" मी म्हटलं, "काय सांगायचं? 'अहो, तुम्ही बुटके आहात' असं?" तर म्हणतो, "तू थट्टा करू नकोस. फसवणूक झालीय." मी विचारलं, "कोणी कोणाला फसवलं रे?" तर फोन ठेवला. आणि कारखान्यातही गंमत बघा, एक पुरवठादार येऊन नेहमीसारखा म्हणाला, "सार, सर्टिफिकेटमधे करेक्ट आहे सार," आणि दिनानाथनं तोंड उघडलं... आणि मिटलं. बोलवेचना! वादिराज म्हणाला, "सार, बरं नाही काय?" त्यालाही काय सांगणार? म्हणाला, "वादिराज, उंची काय कोणी रोज मोजतं?" वादिराज म्हणाला, "नाही की, सार," आणि बिचारा जरा लांब जाऊन उभा राहिला.

मग एक दिवस कारखान्याची बस लवकर पोचली. यानं किल्लीनं दार उघडलं. वहिनी आत आरशासमोर वेणी घालत होत्या. पाठमोऱ्या. रेडिओ चालू, त्यामुळे दाराचा आवाज त्यांना कळला नाही. आणि दिनानाथनं काय पाहिलं? वहिनी गुडघे वाकवून उभ्या. लहान मुलाशी बोलायला आपण वाकतो ना, तशा. घरात कोणी नाही, कोणी बघत नाही, कोणासाठी कमी दिसायचं नाही, आणि तरी वाकलेल्या! का? तर तो वीतभर आरसा दिनानाथनं लावला होता. या घरात राहायला आले तेव्हा मोठ्या हौसेनं, टेपनं मोजून, ओळंबा धरून, अगदी नेमका स्वतःच्या तोंडासमोर!

आरसा त्यांच्यासाठी खालीच लागलेला होता हो. इतकी वर्षं कुंकू लावायला वाकायचं, केस विंचरायला वाकायचं, आणि मान दुखते म्हणून एग्मोरला जाऊन पैसे द्यायचे!

तो तसाच दारात उभा. मला म्हणाला, "अरे, मी दिवसभर लोकांचे माल परत पाठवतो, आणि माझ्या घरात हे एक माप माझ्या डोळ्यांना दिसलं नाही." मग तो आत गेला, हत्यारांची पेटी काढली, आरसा भिंतीवरून उतरवला. वहिनी दचकल्या. "अहो, हे काय? फुटेल!" हा म्हणाला, "सरळ उभी राहा." "कशाला?" "राहा गं. मान वर. खांदे मागे." अगदी त्या कनकासारखं! आणि वहिनी उभ्या राहिल्या. यानं पेन्सिलनं भिंतीवर खूण केली, खुणेवर ड्रिल मारलं, प्लास्टर पडलं, धूळ उडाली, खालच्या घरातली मामी ओरडली, आणि आरसा वर चढला. वहिनींनी त्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांना रडू येत होतं की हसू, ते याला कळलं नाही. म्हणजे दोन्ही येत होतं, आणि यालाही.

"आणि तुमचं काय?" त्या म्हणाल्या. "तुमची दाढी?" यानं आरशात पाहिलं, तर कपाळ आणि अर्धे डोळे. म्हणाला, "दाढी माझ्या ओळखीची आहे. न बघता करीन." आणि करतो हो! रोज एक तरी जखम असते गालावर, पण करतो. मी म्हटलं, अरे, दुसरा आरसा घे. तर म्हणतो, "आणलाय. पण ती आत नसली की याच्यासमोर उभं राहायला बरं वाटतं."

मग पाँडी बझारला जाऊन वहिनींना चपला घेतल्या. त्यांच्या जुन्या सपाट पातळ चपला गेल्या, आणि आल्या टाचेच्या. वहिनी नको नको म्हणतायत, हा दुकानदाराला म्हणतोय, "याहून उंच दाखवा." दुकानदार एकदा वहिनींकडे बघतोय, एकदा याच्याकडे बघतोय. दाखवल्या बिचाऱ्यानं. एग्मोरचे फेरे मात्र पुढे खरंच कमी झाले, गळ्यातला पट्टा गेला. डॉक्टर म्हणतो, माझ्या गोळ्यांचा गुण. म्हणो बापडा!

आता शेवटचं सांगतो आणि तुम्हाला सोडतो. गुढीपाडव्याला आपल्या मराठी मंडळींचं स्नेहसंमेलन होतं, तिथे हे दोघं आले. शैलावहिनी पुढे, जरीची साडी, नव्या चपला, मान ताठ. अहो, लोक वळून वळून बघत होते! कोणी म्हणालं, वहिनी, तुम्ही किती वेगळ्या दिसताय, काय केलंत? त्या नुसत्या हसल्या. आणि त्यांच्या मागे आमचा दिनानाथ, त्यांच्या कानापर्यंत पोचणारा, गालाला कापूस लावलेला. त्याला बघून सगळ्यांचे चेहरे काळजीचे! एक बाई हळूच मला म्हणाल्या, "दिनानाथभावजींना बरं नाही का हो? किती खंगलेत!" एकानं डॉक्टरचं नाव सुचवलं. दुसऱ्यानं तर सरळ पाठीवर हात ठेवून विचारलं, "सोवनी, काय झालं हो? चांगले उंचेपुरे होतात की!"

उंचेपुरे! म्हणजे त्यांनीही मानली होती पाच आठ! मला वाटलं, आता हा खरं सांगणार, सगळं सांगणार. त्यानं एकदा वहिनींकडे पाहिलं. वहिनी ताठ उभ्या, श्रीखंडाची वाटी हातात. आणि दिनानाथ सुस्कारा टाकून म्हणाला,

"काय सांगू! माणूस पडलो सुती... मद्रासच्या पाण्यात आटलो!"